एकाच आधाराची गुलामी : जपानमधील काम, सुख, नाती आणि स्वावलंबन

जपानविषयी आपल्याकडे एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते. तिथल्या बुटांच्या कारखान्यातील कामगार म्हणे संपावर गेले, पण त्यांनी काम थांबवले नाही. ते फक्त डाव्या पायाचे बूट तयार करीत राहिले. मागण्या मान्य झाल्यावर त्यांनी उजव्या पायाचे बूट करून दिले आणि मालकाचे काहीच नुकसान झाले नाही. शाळेच्या परिपाठात, कामगारदिनाच्या भाषणात ही गोष्ट हमखास येते. कारखान्याचे नाव, गाव, साल मात्र कोणी सांगत नाही. सांगणाऱ्याला त्याची गरजही वाटत नाही. कारण गोष्ट जपानची असली तरी ती ऐकवायची असते आपल्या कामगाराला.

जपानी कामगाराचा इतिहास या गोष्टीपेक्षा फार वेगळा आहे. क्यूशू बेटावरील मिइके कोळसाखाणीतून मित्सुई कंपनीने हजाराहून अधिक कामगार काढून टाकले, तेव्हा १९६० साली तेथे महिनोन्‌महिने संप चालला. एक संपकरी खाणकामगार गुंडाच्या सुऱ्याला बळी पडला. शेवटी कामगार हरले. तेलाच्या भाववाढीने महागाई भडकली तेव्हा, १९७४ साली, युद्धोत्तर जपानमधील कामगार-लढ्यांनी उच्चांक गाठला. म्हणजे ‘जपानी माणूस जन्मतःच कष्टाळू आणि आज्ञाधारक’ हे विधान इतिहासाला धरून नाही. एखाद्या समूहाचे काम त्याच्या रक्तात असते, ही भाषा आपल्या परिचयाची आहे. तीच भाषा जपानबद्दल कौतुकाच्या सुरात वापरली म्हणून खरी ठरत नाही.

काम, सुख, नाती आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य यांविषयी जपानी लोकांची मते गेल्या पन्नास वर्षांत खूप बदलली आहेत. पण मते बदलली म्हणून माणसे मोकळी झाली का? या लेखात जपानकडे एकाच प्रश्नातून पाहायचे आहे. माणूस ज्या आधारावर उभा आहे तो काढून घेतला, तर त्याच्याजवळ दुसरे काय उरते? या प्रश्नाचे उत्तर ज्या समाजात ‘काहीच नाही’ असे येते, तिथे माणूस कितीही कमावता असला तरी त्याला स्वतंत्र म्हणता येणार नाही.

कंपनी नावाचे गाव

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर जपानची नवी राज्यघटना आली. ती ३ मे १९४७ पासून अमलात आहे. तिच्या तेराव्या कलमाने प्रत्येकाचा व्यक्ती म्हणून आदर राखण्याची हमी दिली. चोविसाव्या कलमाने विवाह केवळ दोघांच्या संमतीवर आधारला. पंचविसाव्याने किमान सुसंस्कृत जीवनाचा हक्क दिला. सत्ताविसाव्याने काम हा हक्क ठरवला आणि त्याच वाक्यात कर्तव्यही ठरवले. पुढील सत्तर-ऐंशी वर्षांत या चार कलमांपैकी सर्वांत निष्ठेने पाळला गेला तो कामाच्या कर्तव्याचा भाग, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

मिइकेसारख्या लढ्यांनंतर मोठ्या कंपन्या आणि त्यांचे कायम कामगार यांच्यात एक व्यवहार स्थिर झाला. शिक्षण संपताच तरुणाने कंपनीत शिरायचे आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहायचे. पगार वयाबरोबर वाढणार. युनियन असणार, पण ती त्या एका कंपनीपुरती. राहायला कंपनीचे वसतिगृह मिळणार आणि लग्नात मध्यस्थाच्या मानाच्या जागी बहुधा साहेब बसणार. त्या बदल्यात कंपनी पाठवील त्या गावी बदलीवर जायचे आणि सांगेल तितका वेळ थांबायचे. खेडे सोडून शहरात आलेल्या माणसाला कंपनीच्या रूपाने दुसरे खेडे मिळाले. हा व्यवहार सर्वांना कधीच लागू नव्हता. तो मुख्यतः मोठ्या कंपन्यांतील आणि सरकारी नोकरीतील पुरुषांपुरता होता. लहान कारखाने, उपकंत्राटदार, रोजंदारीचे मजूर आणि बहुसंख्य स्त्रिया त्याच्या बाहेरच राहिल्या.

जे या गावात होते त्यांनी कोणती किंमत मोजली? १९४७ च्या कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. परंतु त्याच कायद्याच्या छत्तिसाव्या कलमात, कामगार प्रतिनिधींशी लेखी करार केला की ती ओलांडण्याची वाट ठेवलेली होती. युनियन कंपनीचीच असेल तर असा करार होणे कितीसे अवघड? १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांनी अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला ‘करोशी’ हे नाव दिले. १९८८ साली वकील आणि डॉक्टरांनी मृतांच्या कुटुंबीयांसाठी दूरध्वनीवरून सल्ला सुरू केला आणि या मृत्यूंना प्रथमच तोंड फुटले. देन्त्सु या बड्या जाहिरात कंपनीतील २४ वर्षांच्या एका तरुणाने १९९१ साली आत्महत्या केली. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. आणि २०१५ साली त्याच कंपनीत, त्याच वयाच्या एका तरुणीने आत्महत्या केली. २०१७ साली न्यायालयाने कंपनीला दंड केला तो ५ लाख येनांचा. एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम म्हणजे किरकोळ खर्चच.

या मृत्यूंच्या दबावाखाली २०१४ साली अतिश्रममृत्यू रोखण्यासाठी कायदा झाला. २०१८ च्या सुधारणेने ओव्हरटाइमवर प्रथमच शिक्षापात्र मर्यादा घातली : एरवी महिन्याला ४५ तास, वर्षाला ३६० तास; विशेष कारण असेल तर एखाद्या महिन्यात १०० तासांच्या आत. आता दुसरा आकडा पाहा. एखादा मृत्यू अतिश्रमाने झाला की नाही हे ठरवताना शासन जी कसोटी लावते, तीत मृत्यूपूर्वीच्या महिन्यात सुमारे १०० तास जादा काम हा निकष आहे. कायद्याने मान्य केलेली कमाल आणि मरणाची रेषा या दोहोंत बोटभरही अंतर नाही.

मग माणसे नकार का देत नाहीत? मालकाच्या भीतीबरोबर याला आणखी एक कारण आहे. जपानी कचेरीत प्रत्येकाचे काम काटेकोर वाटून दिलेले नसते. ते गटाचे असते. एकाने रजा घेतली की त्याचे ओझे शेजारच्यावर पडते. ‘मेइवाकु’, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास, टाळण्याचा संस्कार लहानपणापासून झालेला असतो. त्यामुळे हक्काची भरपगारी रजाही माणसे घेत नाहीत. शेवटी २०१९ पासून, वर्षाला दहा किंवा अधिक दिवस रजा ज्याला लागू आहे त्याला निदान पाच दिवस ती द्यायलाच हवी, अशी सक्ती मालकांवर करावी लागली. शेजाऱ्याची काळजी हा सद्गुण खरा, पण माणसे वाढवण्याची मालकाची जबाबदारी या सद्गुणाच्या आड सुखाने लपली.

लोकांना स्वतःला काय वाटते? जपानचे मंत्रिमंडळ कार्यालय जनतेच्या जीवनाविषयी वर्षानुवर्षे मतपाहणी करीत आले आहे. ‘तुम्ही कशासाठी काम करता?’ या प्रश्नाला अलीकडच्या पाहण्यांत शंभरातील साठहून अधिक जण ‘पैसे मिळवण्यासाठी’ असे सरळ उत्तर देतात. काम हे जीवनाचे सार्थक मानणारे त्यांच्या तुलनेत फार थोडे आहेत. कामाची पूजा करणारा जपानी माणूस भाषणांतून जितका भेटतो तितका तो जपानमध्ये भेटत नाही.

आणि आता या गावाच्या वेशीही आत सरकल्या आहेत. कंत्राटी कंपनीमार्फत माणसे पुरवण्यास १९८५ च्या कायद्याने परवानगी दिली. १९९९ साली ती बहुतेक सर्व कामांना आणि २००४ पासून कारखान्यांतील उत्पादनालाही लागू झाली. आज पगारी कामगारांतील शंभरापैकी सुमारे ३७ जण कायम नोकरीत नाहीत. स्त्रियांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. याचा अर्थ काय ते २००८ च्या मंदीत दिसले. कारखान्यांनी कंत्राटी कामगार काढले आणि नोकरीबरोबर त्यांचे घरही गेले, कारण खोली कंपनीचीच होती. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला युनियन आणि सामाजिक संघटनांनी टोकियोच्या हिबिया उद्यानात तंबू ठोकले आणि अन्न शिजवले. पाच दिवसांत सुमारे पाचशे माणसे तिथे आली. समोरच कामगार मंत्रालयाची इमारत होती. तंबू अपुरे पडल्यावर २ जानेवारीला मंत्रालयाला आपले सभागृह झोपण्यासाठी उघडावे लागले. जगातील अत्यंत श्रीमंत देशांपैकी एका देशाच्या राजधानीत, एक आधार निसटताच माणूस थेट उघड्यावर आला होता.

सुखाचा शब्द आणि पुलाची मागणी

‘इकिगाई’ हा शब्द अलीकडे आपल्याकडच्या पुस्तकांच्या दुकानांतही पोचला आहे. जगण्याला अर्थ देणारी गोष्ट, असा त्याचा ढोबळ अर्थ. दीर्घायुष्याचे आणि समाधानाचे जपानी रहस्य म्हणून तो विकला जातो. या विषयावरचा जपानीतील मूलगामी ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. तो मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी लिहिला. ज्या माणसांच्या सहवासात त्यांनी हा प्रश्न अभ्यासला ती कोण होती, हे विकणारे सहसा सांगत नाहीत. ती होती ओकायामाजवळच्या नागाशिमा बेटावर कोंडून ठेवलेली कुष्ठरुग्ण माणसे.

कुष्ठरुग्णांना वेगळे काढण्याचा पहिला कायदा जपानने १९०७ साली केला. औषध उपलब्ध झाल्यानंतरही, १९५३ साली, विलगीकरण नव्या कायद्याने चालूच ठेवले. तो कायदा १९९६ मध्ये रद्द झाला आणि हे धोरण घटनाबाह्य होते असा निर्णय कुमामोतो न्यायालयाने २००१ साली दिला. बेटावरच्या अनेकांनी घराण्यावर कलंक नको म्हणून आपले नाव टाकून दुसरे घेतले होते. इतके सर्व हिरावले गेल्यावरही काही माणसे जगण्याचा अर्थ कसा शोधतात, हा कामियाबाईंचा प्रश्न प्रामाणिक होता. पण त्यांना कोणी कोंडले, हा त्याच्याही आधीचा प्रश्न आहे. तो रुग्णांनी स्वतः विचारला. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधला पाण्याचा पट्टा अगदी अरुंद होता. तिथे पूल बांधा, अशी मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. १९८८ साली तो झाला, आणि त्यांनी त्याला माणूसपण परत मिळवून देणारा पूल म्हटले. मनाचे समाधान हे सुखाचे अंग आहेच, परंतु पूल मागणाऱ्याला समाधानाचे पुस्तक देणे ही फसवणूक आहे.

उपरोक्त मतपाहणीत आणखी एक बदल दिसतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘अधिक वस्तू’ मागणाऱ्यांपेक्षा ‘मनाची समृद्धी’ मागणारे लोक संख्येने पुढे गेले. ज्या पिढीच्या घरात फ्रिज आणि टीव्ही आले होते, तिच्या बाबतीत हे समजण्यासारखे आहे. पण ज्यांच्या घरात काहीच नव्हते त्यांचे सुख कोणत्या मापाने मोजले गेले, हे आसाही शिगेरु यांच्या खटल्यातून कळते.

आसाही क्षयरोगी होते आणि ओकायामाच्या सरकारी रुग्णालयात दीर्घकाळ पडून होते. निर्वाह-साहाय्य कायद्याखाली त्यांना दैनंदिन गरजांसाठी महिन्याला ६०० येन मिळत. या हिशेबात दोन वर्षांना एक सदरा आणि वर्षाला एक चड्डी धरली होती. पुढे अधिकाऱ्यांनी त्यांच्या थोरल्या भावाला शोधून काढले आणि महिन्याला १५०० येन पाठवायला लावले. भावाचे पैसे येताच शासनाने आपले ६०० येन बंद केले आणि उरलेले ९०० औषधोपचाराच्या खर्चापोटी कापून घेतले. आसाहींच्या हातात पुन्हा ६०० येनच राहिले. बदलला तो फक्त देणारा. १९५७ साली ते घटनेच्या पंचविसाव्या कलमाचा आधार घेऊन न्यायालयात गेले. १९६० मध्ये जिल्हा न्यायालयात जिंकले, १९६३ मध्ये वरच्या न्यायालयात हरले आणि १९६४ साली वारले. साहाय्याचा हक्क व्यक्तिगत असल्याने तो त्यांच्या मृत्यूबरोबर संपला, असे १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तरीही खटला चालू असतानाच शासनाला साहाय्याचे दर वाढवावे लागले होते. एका रुग्णाने अंथरुणावरून देशाला विचारले, की किमान जीवन म्हणजे नेमके किती?

हाच प्रश्न आजही निराळ्या रूपात उभा आहे. साहाय्यासाठी अर्ज केला की नातेवाइकांकडे ‘तुम्ही याला पोसाल का?’ अशी विचारणा जाते. या पत्राच्या लाजेपायी अनेक पात्र माणसे अर्जच करीत नाहीत. २०२१ साली या विचारणेचे नियम सैल करावे लागले. जो भाऊ वर्षानुवर्षे भेटला नाही, जो बाप मारहाण करीत होता, त्याच्या दारात गरजू माणसाला पुन्हा उभे करणे, याला कुटुंबाचा आधार म्हणत नाहीत.

नात्यांची नोंदवही

जपानमध्ये माणसाची कायदेशीर ओळख ‘कोसेकी’ या कुटुंबनोंदवहीत असते. तिचा कायदा १८७१ चा. पुढे १८९८ च्या नागरी संहितेने घराण्याच्या प्रमुखाला घरातील इतरांचे विवाह आणि निवास यांवर सत्ता दिली. युद्धानंतर ही सत्ता रद्द झाली. घटनेतील स्त्रीहक्कांचा मसुदा करणाऱ्यांत बिएते सिरोता ही अवघ्या २२ वर्षांची तरुणी होती. लहानपण जपानमध्ये काढल्यामुळे तिथल्या बायकांचे मुकेपण तिने पाहिले होते. घराण्याचा प्रमुख गेला, पण नोंदवही राहिली. लग्न करताना पतिपत्नींनी एकच आडनाव घ्यावे, हा नियमही राहिला. कायदा म्हणतो, कोणाचेही घ्या. प्रत्यक्षात शंभरातील सुमारे पंचाण्णव जोडप्यांत बाईचे आडनाव जाते. २०१५ आणि २०२१ अशा दोन्ही वेळी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य नाही असे ठरवले.

लोकांची मते मात्र थांबलेली नाहीत. ‘नवऱ्याने बाहेर कमवावे, बायकोने घर सांभाळावे’ या विधानाला १९७९ च्या सरकारी पाहणीत शंभरातील सत्तरहून अधिक जणांनी होकार दिला होता; २०२२ मध्ये असे म्हणणारे तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरले. एनएचके ही आकाशवाणी संस्था १९७३ पासून दर पाच वर्षांनी लोकांच्या मूल्यांची पाहणी करीत आली. ‘लग्न केलेच पाहिजे असे नाही’ असे म्हणणारे तिच्या १९९३ च्या पाहणीत निम्मे होते, २०१८ मध्ये ते दोनतृतीयांशांवर गेले.

मतांचा हा प्रवास पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. घरातील बिनपगारी काम आजही स्त्रिया पुरुषांच्या पाचपट करतात. पगारदार नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोला १९८६ पासून वेगळी वर्गणी न भरता पेन्शनचा हक्क मिळतो. पण तिची कमाई ठरावीक रकमेच्या वर गेली की ही सवलत जाते. जपानी बायका या मर्यादेला ‘भिंत’ म्हणतात आणि तिच्या आत राहण्यासाठी स्वतःचे कामाचे तास स्वतःच कापतात. अशा रीतीने नवरा कंपनीवर आणि बायको नवऱ्यावर टेकलेली राहते. कंपनीने हात काढला की दोघेही पडतात.

ज्यांनी ही साखळी नाकारली किंवा ज्यांना ती मिळालीच नाही, त्यांचे काय होते? २०२० च्या जनगणनेनुसार शंभरातील ३८ घरांत एकच माणूस राहतो. एकटे राहणे हा दोष नाही. कित्येक स्त्रियांसाठी ती कष्टाने मिळवलेली मोकळीक आहे. पण भाड्याची खोली घ्यायची तर जामीन मागतात, इस्पितळात दाखल व्हायचे तरी जामीन मागतात, आणि जामीन म्हणजे बहुधा रक्ताचा नातेवाईक. समाजाने माणसाला एकटे राहण्याची मुभा दिली, पण एकट्या माणसासाठी व्यवस्था उभी केली नाही. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तात्पुरत्या घरांत माणसे एकटीच मरून पडलेली सापडू लागली, तेव्हा ‘कोदोकुशी’, म्हणजे एकाकी मृत्यू, हा शब्द घरोघर पोचला. २०२४ या एका वर्षात ७६,०२० माणसे आपल्या घरी एकटीच मृतावस्थेत आढळली, असे पोलीस खात्याची आकडेवारी सांगते. त्यांतील ५८,०४४ जण ६५ वर्षांवरील होते.

दोन्ही दारे बंद असलेली माणसे

इथवर आपण पाहिले की जपानी समाजात माणसाला जागा मिळते ती दोन दारांतून : नोकरी आणि विवाह. ही दोन्ही दारे ज्यांच्यासाठी जन्मावरून बंद केली गेली त्यांचे नाव बुराकुमिन. कातडे कमावणे, मेलेली जनावरे ओढणे, कैद्यांना देहदंड देणे अशी कामे ज्यांच्याकडे सोपवून त्यांना अस्पृश्य मानले, त्यांचे हे वंशज. चेहरा, भाषा, धर्म या कशातही ते इतर जपान्यांहून वेगळे नाहीत. १८७१ च्या फर्मानाने त्यांचा हीन दर्जा रद्द केला. त्याबरोबर कातड्याच्या धंद्यावरील त्यांचा हक्कही गेला, आणि बदल्यात जमीन वा भांडवल काहीच मिळाले नाही. नंतरच्या नोंदवह्यांत कुठे कुठे त्यांच्या नावापुढे ‘नवे सामान्यजन’ असे लिहिले गेले. ‘नवे’ हा एक शब्द पुढच्या पिढ्यांना ओळखण्यास पुरेसा होता.

१९७५ साली एक गुप्त यादी उघडकीस आली. देशभरातील बुराकु वस्त्यांची नावे आणि पत्ते असलेली ही पुस्तिका दोनशेहून अधिक कंपन्यांनी विकत घेतली होती. अर्जदार तरुण कोणत्या वस्तीतला आहे हे त्यांना पाहायचे होते. लग्न ठरवणारी कुटुंबे हेच काम खाजगी गुप्तहेरांकडून करून घेत. ज्या कंपनीला आपण कर्मचाऱ्याचे दुसरे कुटुंब म्हणून ऐकले, तिने कुटुंबाप्रमाणे कूळही पाहिले.

बुराकुमिनांनी याला दिलेले उत्तर कार्यकर्त्यांनी नीट अभ्यासावे असे आहे. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनी ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापन केली. दया दाखवणाऱ्या सुधारकांची गरज नाही, आपण आपली मुक्ती करू, ही तिची भूमिका होती. युद्धानंतर १९५५ पासून हे काम बुराकु मुक्ती संघाने पुढे नेले. कोची प्रांतातील नागाहामा येथे १९६१ साली बुराकु वस्तीतील आयांनी विचारले : घटना जर सक्तीचे शिक्षण मोफत म्हणते, तर पाठ्यपुस्तके विकत का? या लढ्यातून १९६३ पासून टप्प्याटप्प्याने साऱ्या देशातील मुलांना पुस्तके मोफत मिळू लागली. नोकरीच्या अर्जात बापाचा धंदा, मूळ गाव, घराची स्थिती विचारण्याला त्यांनी विरोध केला. १९७३ साली शालेय पदवीधरांसाठी देशभर एकच अर्ज-नमुना आला आणि हे प्रश्न गेले. विधवेच्या मुलाला, अनाथाला, गरिबाच्या पोरालाही त्याचा लाभ झाला. १९७६ मध्ये कोसेकी कोणालाही पाहता येण्यावर बंधन आले आणि १९८५ साली ओसाका प्रांताने कुळाचा शोध घेणाऱ्या गुप्तहेरगिरीवर नियम केला.

भेद संपला असे नाही. २०१६ साली बुराकु भेदभाव निर्मूलनासाठी पुन्हा कायदा करावा लागला. वस्त्यांच्या याद्या इंटरनेटवर टाकणाऱ्यांविरुद्ध खटले चालले; २०२३ मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने भेदभावाविना जगण्याचे हित कायद्याने रक्षणीय मानले. पण इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. ज्यांना कंपनीने आणि कुळाने आधार नाकारला, त्यांनी संघटना, शाळा, न्यायालय आणि कायदा असे नवे आधार निर्माण केले, आणि ते सगळ्या समाजाला वापरायला दिले.

‘स्वतःच्या पायावर’ म्हणजे काय?

आपल्या भाषेत स्वावलंबनाला ‘स्वतःच्या पायावर उभे राहणे’ म्हणतात. जपानमध्ये या कल्पनेला सर्वांत कठोर प्रश्न विचारला तो ज्यांना शब्दशः पायावर उभे राहता येत नव्हते अशा माणसांनी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या लोकांची ‘आओई शिबा नो काई’, म्हणजे हिरवळ संघ, ही संघटना १९५७ पासून होती. १९७० साली योकोहामात एका आईने आपल्या अपंग लेकीला मारले. आजूबाजूच्यांनी सह्या गोळा केल्या, की बिचारीला शिक्षा नको. संघाने याला जाहीर विरोध केला. त्यांचे म्हणणे एवढेच, की मारली गेलेली मुलगीही माणूस होती. आईला एकटी पाडणारा समाज आणि मुलीचा जीव हलका समजणारा समाज एकच आहे, हे त्यांनी ओळखले. एप्रिल १९७७ मध्ये कावासाकी येथे, सोबत मदतनीस असल्याशिवाय चाकाच्या खुर्चीला प्रवेश नाही म्हणणाऱ्या बसगाड्यांत ते घुसून बसले.

याच परंपरेत पुढे टोकियो विद्यापीठातील डॉक्टर शिनइचिरो कुमागाया यांनी एक विचार मांडला आहे. ते स्वतः सेरेब्रल पाल्सीसह जगतात. २०११ च्या भूकंपात लिफ्ट बंद पडली. इतरांना जिना होता, शिडी होती. त्यांना लिफ्टखेरीज दुसरा मार्गच नव्हता. त्यांच्या मते, धडधाकट माणूस कशावरही अवलंबून नसतो असे नाही. त्याचे आधार इतके असंख्य असतात की एकही आधार त्याच्यावर मालकी गाजवू शकत नाही. म्हणून स्वावलंबन वाढवायचे तर आधार कमी करायचे नसतात, ते वाढवायचे असतात.

या कसोटीवर मागचे सारे पुन्हा पाहावे. ओव्हरटाइमला नकार न देणारा कर्मचारी, भिंतीच्या आत तास मोजणारी बायको, कंपनीच्या खोलीतून बाहेर पडलेला कंत्राटी मजूर, भावाच्या पत्राची वाट पाहायला लावलेला रुग्ण : यांतील प्रत्येकाला एकच आधार होता, म्हणून तो आधारच मालक झाला.

संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००२ साली जन्मावर आधारित भेदभावाविषयी जी शिफारस केली, तिच्या कक्षेत जातिव्यवस्था आणि तिच्यासारख्या वंशपरंपरागत दर्जाच्या प्रथा एकत्र येतात. त्यामुळे बुराकुमिनांचा आणि आपला संबंध केवळ सहानुभूतीचा नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या, प्रत्यक्षात होऊ न दिलेल्या लाहोरच्या भाषणात दाखवून दिले होते, की जात ही श्रमाबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते. आपल्या गावगाड्यातही बलुत्याच्या माणसाचा आधार एकच होता, गाव. आणि म्हणूनच गाव त्याचा मालक होता. बहिष्काराचे हत्यार चालत असे ते याच कारणाने. विहीर, दुकान, मजुरी सारे एकाच हातात असले की तो हात मिटणे पुरेसे होते.

तेव्हा शाळेत जपानची गोष्ट सांगायची असेल तर शिक्षकांनी डाव्या पायाच्या बुटाऐवजी नागाहामाच्या आयांची सांगावी. आणि एखादी योजना, एखादी नोकरी, एखादा विवाह माणसाला स्वावलंबी करील असे कोणी सांगू लागला, तर कार्यकर्त्याने एवढेच विचारावे : हा आधार उद्या सुटला, तर या माणसाला दुसरे कोणते दार उघडे आहे? ते दार नसेल, तर ते उघडण्याचे काम अजून बाकी आहे.